काटकसरीला बाजारही लागतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

महागाईचे आकडे प्रसिद्ध झाले की आठवडाभरात वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून काटकसरीचे सल्ले येऊ लागतात, आणि आपल्या दैनिकाची पुरवणीही त्याला अपवाद नाही. किराण्याची यादी करूनच दुकानात जा, सवलतीच्या मोहात पडू नका, उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करा, पगार झाल्याबरोबर बचत बाजूला काढा, असे हे सल्ले असतात. ते चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. पण ज्या घरांना उद्देशून ते छापले जातात तिथे ते फार पूर्वीपासून पाळले जातात, आणि ज्या घरांना त्यांची खरी गरज आहे ती घरे ते पान न वाचताच उलटतात. माझा आक्षेप या लेखनामागच्या गृहीतकाला आहे. काटकसर हा गृहिणीच्या स्वभावाचा आणि तिच्या हातातल्या कसबाचा प्रश्न आहे, असे त्यात धरलेले असते. एका पगारात संसार चालवताना मला मात्र असे दिसत आले की काटकसर निम्मी घरात होते आणि निम्मी घराबाहेर. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला, पितळी भांड्यांना आतून कथलाचा मुलामा देणारा कल्हईवाला, गादी पिंजून देणारा, रफू करणारा, मिक्सर आणि कुकर दुरुस्त करणारा, जुनी पुस्तके घेणारा आणि विकणारा दुकानदार ही माणसे दारात किंवा हाकेच्या अंतरावर असतात तोवरच घरातल्या निगुतीला फळ येते. पुण्यासारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरातून ही माणसे एकेक करून बाहेर ढकलली जात आहेत आणि त्यात आपल्याच निर्णयांचा वाटा मोठा आहे, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हा प्रश्न हौसेचा नाही. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार देशाच्या शहरी भागात माणशी मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये आणि ग्रामीण भागात ४,१२२ रुपये आहे. म्हणजे शहरातल्या चौघांच्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च साधारण अठ्ठावीस हजार रुपये होतो, त्यातला चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग खाण्यापिण्यावर जातो, आणि उरलेल्या सोळा-सतरा हजारांत भाडे, वीज, गॅस, प्रवास, शाळा, औषधपाणी आणि सणवार बसवायचे असतात. ही सरासरी आहे; कितीतरी घरे तिच्या खाली आहेत. अशा घरात जून महिन्यात दोन मुलांचे पुस्तकांचे नवे संच घ्यावे लागले आणि त्याच सुमारास मिक्सर जळला, तर यादी करून किराणा आणल्याने ते भोक बुजत नाही. तिथे जुना संच मिळणे आणि मिक्सरची मोटर कोणीतरी भरून देणे, हेच उपयोगी पडते.

कपड्यांचा विचार आधी करू, कारण जुन्या वस्तूचा सर्वांत लांब प्रवास तिथे होत असे. सुती लुगडे विरले की मधला जीर्ण भाग काढून त्याला दंड घालत, म्हणजे उरलेले दोन भाग जोडून शिवत, आणि ते आणखी काही दिवस नेसत. मग त्याची गोधडी किंवा वाकळ होई. मऊ झालेल्या भागाची तान्ह्या बाळासाठी दुपटी आणि लंगोट निघत. आणि सर्वांत शेवटी उरलेल्या तुकड्यांचे मसोते किंवा पोतेरे होई. थोरल्याचा सदरा धाकट्याला येई, गणवेश शिवताना आत चार बोटे वाढती दुमड ठेवली जाई, झिजलेली कॉलर उसवून उलटी करून शिंपी पुन्हा बसवून देई, आणि आखूड झालेला स्वेटर उसवून, लोकरीच्या लडी वाफेवर सरळ करून, त्यात दुसऱ्या रंगाची भर घालून नवा विणला जाई. यात सगळेच गोड होते असे मी अजिबात म्हणणार नाही. दंड घातलेले लुगडे चारचौघींत नेसताना बायकांना लाज वाटे, आणि ज्या धाकट्याला जन्मभर थोरल्याचेच कपडे मिळाले त्याच्या मनात त्याची अढी राहिल्याचीही उदाहरणे घरोघर सापडतील. सांगायचे ते एवढेच की त्या काळी कापड टाकण्याजोगे होण्यापूर्वी त्याला अनेक मुक्काम होते.

आज त्या मुक्कामांपैकी बरेचसे बंद झाले आहेत आणि त्याचे पहिले कारण कापडच आहे. आपल्या कपाटातल्या बऱ्याच साड्या आणि कुर्ते पॉलिएस्टरचे किंवा मिश्र धाग्याचे असतात. त्यांची गोधडी शिवून मिळते, पण ती घाम शोषून घेत नाही, अंगावरून सरकते आणि उन्हाळ्यात तर नकोशी होते. त्यांची दुपटी करता येत नाहीत आणि फरशी पुसायलाही ते कापड पाणी ओढत नाही. म्हणजे कपडा टिकतो जास्त, पण त्याला दुसरा जन्म मिळत नाही. म्हणून साडी किंवा चादर घेताना किमतीबरोबर धागाही पाहावा, असे मी घरातल्या मुलींना सांगते, कारण सुती चादर मधोमध विरली तरी फाडून तिच्या कडा मध्यभागी जोडता येतात, त्यानंतर उशांचे अभ्रे निघतात आणि अभ्र्यांनंतर हात पुसायची फडकी. गादीचेही तसेच आहे. कापसाची गादी बसली की पिंजणारा ती उसवून, कापूस पिंजून, नव्या खोळीत भरून देतो आणि ती पुन्हा काही वर्षे चालते. फोमची गादी बसली की ती थेट कचऱ्यात जाते, आणि ती न्यायला कचरागाडीही सहसा तयार नसते.

कपड्याचा जो प्रवास अजून शिल्लक आहे तो बोहारणीच्या हातून होतो. मूळच्या गुजरातच्या वाघरी, म्हणजेच देवीपूजक, समाजातल्या अनेक बायका पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय करत आल्या आहेत. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि खांद्यावर गाठोडे घेऊन त्या दुपारच्या वेळी, म्हणजे घरातल्या बाईला जरा उसंत असते तेव्हा, येतात. त्यांच्याशी घासाघीस करणे हा एक स्वतंत्र विषय आहे. पँट आणि जीनला त्या पटकन हात घालतात, खऱ्या जरीची साडी दिसली तर चेहऱ्यावर न दाखवता ती आधी बाजूला ठेवतात, फाटका गंजिफ्रॉक सरळ परत देतात, आणि पातेल्याऐवजी डबा हवा असेल तर ‘अजून दोन साड्या काढा’ म्हणून पायरीवर बसून राहतात. गंमत म्हणून लोक हे सांगतात, पण त्यापुढचे काम किती कष्टाचे आहे याची दखल घेत नाहीत. गोळा केलेले कपडे निवडणे, धुणे, तुटलेली बटणे लावणे, उसवलेले शिवणे, इस्त्री करणे आणि मग पहाटेच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात ते विकणे, हे सगळे त्या आणि त्यांची कुटुंबे करतात. बांधकामावरचा मजूर, नुकताच शहरात आलेला तरुण, रोजंदारीवरची बाई यांना कमी पैशांत धड कपडा मिळतो तो या बाजारातून. जे अंगावर घालण्याजोगे नसते ते कारखान्यांत यंत्रे पुसायला जाते, आणि लोकरी व मिश्र कपड्यांचा मोठा भाग हरियाणातल्या पानिपतला जातो, जिथे जुने कपडे फाडून, त्यांचे धागे पिंजून पुन्हा सूत काढले जाते आणि त्याची स्वस्त ब्लँकेटे विणली जातात. भूकंप किंवा पूर आल्यावर मदत म्हणून जी ब्लँकेटे वाटली जातात त्यांतली पुष्कळशी याच सुताची असतात.

आता या बोहारणीला आपण कुठे अडवले ते पाहा. नव्या गृहसंकुलांच्या फाटकावर ‘फेरीवाले व विक्रेते यांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते, आणि पाटी नसली तरी मोबाइलवरून परवानगी मिळाल्याशिवाय रखवालदार कोणालाही आत सोडत नाही. घरपोच जेवण आणणारा मुलगा दिवसातून कितीही वेळा आत जातो, कारण त्याला कोणीतरी बोलावलेले असते. बोहारणीला कोणी बोलावत नाही, कारण तिचा धंदाच आवाज देत फिरण्याचा आहे. सुरक्षिततेची काळजी खोटी नाही, आणि संकुल ही खासगी जागा असल्याने तिथे कोणाला येऊ द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार रहिवाशांचाच आहे. परंतु एवढ्यासाठी सरसकट बंदीच घालावी लागते असे नाही. महिन्यातला एक ठरावीक रविवार, सकाळचे तीन तास, फाटकाच्या आतली वाहनतळाची एक बाजू, आणि नावपत्त्याची नोंद केलेल्या दोन-तीन बोहारणी, एक रद्दीवाला, एक चाकू-सुरीला धार लावणारा, एक कल्हईवाला, इतकी सोय केली तर कोणाच्या दारावरची घंटा वाजत नाही आणि सर्वांचे काम होते. वार्षिक सर्वसाधारण सभेत एवढा ठराव करायला कुठल्याही शासकीय परवानगीची गरज नाही. आमच्या ओळखीच्या एका संकुलात हा विषय मांडला गेला तेव्हा ‘त्याने इमारतीचा दर्जा कमी दिसेल’ असे उत्तर मिळाले. ते ऐकून मला वाईट वाटले त्यापेक्षा नवल अधिक वाटले, कारण त्याच संकुलात दिवाळीच्या आधी कचऱ्याच्या खोलीत धडधाकट कपड्यांचे ढीग पडलेले असतात आणि ते उचलायला वेगळे पैसे मोजावे लागतात.

पुण्यात या बाबतीत एक चांगले उदाहरण समोर आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ साली उभी राहिली आणि त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली, जी महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते आणि वापरण्याजोगे कपडे, फर्निचर, जुनी विद्युत उपकरणे यांच्यासाठी वेगळ्या मोहिमाही घेते. म्हणजे जुनी वस्तू कचरा होण्याआधी उचलण्याची व्यवस्था बसवता येते, ती चालवणारी माणसे मिळतात आणि नागरिक तिला प्रतिसादही देतात. मग जी व्यवस्था आपणहून, कोणाच्याही अनुदानाशिवाय दारापर्यंत येत होती ती मोडण्याचे कारण काय?

बोहारणीप्रमाणेच जुन्या वस्तूंच्या बाजारालाही जागा लागते. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो हे पुणेकरांना सांगायला नको. पितळी कड्या-कोयंडे, शिवणयंत्राचे सुटे भाग, नळाच्या तोट्या, हातोड्या-पकडी, जुने कुलूप आणि कधी कधी त्याची किल्लीही, असे सगळे तिथे जमिनीवर मांडलेले असते; आणि नव्याने धंदा सुरू करणाऱ्या गवंड्याला, सुताराला किंवा फिटरला निम्म्याहून कमी पैशांत हत्यारांचा संच जमवता येतो तो अशाच ठिकाणी. हौशी लोक दुर्मीळ नाण्यांसाठी आणि ग्रामोफोनसाठी जातात, त्यांचे जाणे मला मान्य आहे, परंतु बाजार टिकायला हवा तो गवंड्यासाठी. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा २०१४ चा केंद्रीय कायदा सांगतो की जिथे विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ धंदा करत आले आहेत तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. शहरातले रस्ते रुंद होतात, पूल होतात, मेट्रो येते आणि प्रत्येक वेळी अशा बाजारांच्या पायाखालची जमीन थोडी आक्रसते. महापालिकेच्या पथविक्रेता समितीने शहरातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारांकडे या तरतुदीच्या दृष्टीने पाहावे आणि जुन्या बाजाराला त्या दर्जाचे संरक्षण द्यावे, अशी माझी मागणी आहे.

पुस्तकांच्या बाबतीत तर दोष सर्वस्वी धोरणाचा आहे. शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. त्यापुढच्या वर्गांसाठी आणि विनाअनुदानित शाळांसाठी मात्र पालकांना ती विकत घ्यावी लागतात. पूर्वी निकाल लागला की वरच्या वर्गातल्या मुलाकडून संच ठरवून ठेवला जाई, किंवा पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या अप्पा बळवंत चौकात जुने संच मिळत, आणि वर्ष संपल्यावर तीच पुस्तके थोडे पैसे कमी घेऊन परत विकता येत. पुस्तकाला खाकी कव्हर घालणे, पेनाने त्यात न लिहिणे, पाने न दुमडणे या सवयींना अर्थ होता तो यामुळे. आज अनेक खासगी शाळा दर एक-दोन वर्षांनी प्रकाशक बदलतात, आणि पाठ्यपुस्तकाबरोबर अशी कार्यपुस्तिका जोडतात की जिच्यात उत्तरे लिहिली की ती दुसऱ्याच्या उपयोगाची राहत नाही. राज्य शासनानेही २०२३-२४ पासून दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी पुस्तकांचे चार भाग करून धड्यांनंतर कोरी पाने जोडण्याचा प्रयोग केला. हेतू स्वच्छ होता, पण पुस्तकाची वही झाली की ते पुढच्या मुलाकडे जाण्याचा रस्ता बंद होतो, हे त्या वेळी कोणी विचारात घेतलेले दिसले नाही. जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला, ते योग्यच झाले. अभ्यासक्रम बदलू नये असे माझे म्हणणे नाही. बदलाचे वर्ष सोडले तर मधल्या वर्षांत तेच पुस्तक, तेच पृष्ठक्रमांक आणि वेगळी वही एवढा नियम शाळांनी पाळला तरी पुरे. पालक-शिक्षक संघाला यात पुढाकार घेता येईल. एप्रिलच्या अखेरीस शाळेच्या आवारात एक सकाळ पुस्तकांच्या आणि गणवेशाच्या अदलाबदलीसाठी ठेवली तर कोणाच्या घरची परिस्थिती कशी आहे हे उघड न होता सगळ्यांचेच काम होते.

दुरुस्तीविषयी थोडक्यात लिहिते. वस्तू दुरुस्त होत नाही याचे कारण कारागीर नाही हे एक, आणि सुटा भाग मिळत नाही हे दुसरे. कारखान्यांनी भाग दिले नाहीत, माहितीपुस्तिका दिली नाही, किंवा यंत्राचे कवच उघडताच येणार नाही असे चिकटवून टाकले, की हुशार कारागिराचेही हात बांधले जातात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले असून त्यावर घरगुती उपकरणे, मोबाइल, वाहने आणि शेतीची अवजारे यांच्या कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र दिलेली असते, पण ते ठाऊक असलेला ग्राहक मला क्वचितच भेटला. कल्हईची गोष्ट याहून मजेशीर आहे. आरोग्याच्या नावाने पितळेची भांडी पुन्हा मोठ्या दुकानांत चढ्या भावाने मिळू लागली आहेत आणि सुशिक्षित घरांतून ती कौतुकाने घेतलीही जातात. परंतु आतून कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक, आमटी, चिंचेचे सार असे आंबट काही ठेवले की ते कळकते आणि पोटाला बाधते, आणि कथील व नवसागर घेऊन भट्टी पेटवणारा कल्हईवाला तर आपण आधीच घालवून बसलो आहोत. असे भांडे नुसते शोभेला ठेवायचे असेल तर हरकत नाही, पण मग त्याला काटकसर म्हणू नये. काचेच्या एकसारख्या बरण्यांचा संच मागवून त्यात मसाले भरणाऱ्या आणि त्यालाच कमी कचऱ्याचा संसार म्हणणाऱ्या मंडळींनाही माझे हेच सांगणे आहे. घरातल्या जॅमच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बाटल्या एका मापाच्या दिसत नाहीत, एवढाच त्यांचा अपराध असतो.

जुने ते सगळे घ्यावे असे मात्र मी सुचवत नाही. हेल्मेट जुने घेऊ नये, कारण त्याने एकदा आपटी खाल्ली असेल तर ते बाहेरून दिसत नाही. प्रेशर कुकरही अनोळखी माणसाकडून घेऊ नये. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, त्याआधीचा कुकर घरात असेल तर त्याची सुरक्षा झडप आणि रबरी रिंग वेळच्या वेळी बदलावी. फ्रिजच्या बाबतीत वरवरचा हिशेब फसवतो. जुन्या फ्रिजवरचे वीजबचतीचे पाच तारे त्या काळच्या निकषांचे असतात आणि निकष दर काही वर्षांनी कडक होत जातात, त्यामुळे लेबलावर छापलेले वर्ष न पाहता घेतलेला स्वस्त फ्रिज वर्षभर चोवीस तास चालून वाचवलेले पैसे वीजबिलात परत घेऊ शकतो. दाराचे रबर सैल झाले आहे का, हे पाहायला त्यात कागदाची पट्टी अडकवून ओढून पाहावी. ती सहज निसटली तर थंडावाही निसटतो आहे असे समजावे. मोबाइल जुना घेताना स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश हे दाबून त्याचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, पाहावा आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तो तपासावा, म्हणजे चोरीचा किंवा बंद केलेला फोन गळ्यात पडत नाही. याउलट लाकडी कपाट, पाट, पोळपाट, लोखंडी तवा, कढई, खलबत्ता, शिवणयंत्र, लहान मुलांची सायकल, पाळणा या वस्तू जुन्या घेण्यात काहीच तोटा नाही, आणि वापरून तेलकट झालेला बिडाचा तवा तर नव्यापेक्षा चांगला चालतो.

मोबाइलवरून जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करता येते, मग बोहारीण आणि जुना बाजार कशाला, असा प्रश्न तरुण वाचक विचारतील. ती सोय मीही वापरली आहे आणि मोठ्या वस्तूंसाठी ती चांगली आहे. पण चार सदरे आणि दोन साड्या विकायला कोणी छायाचित्रे काढून जाहिरात देत नाही, आणि ज्या गवंड्याला जुनी पकड हवी आहे तो ती हातात धरून पाहिल्याशिवाय घेत नाही. शिवाय या व्यवहारात फसवणुकीचा एक ठरलेला प्रकार आहे. सोफा विकायला काढला की घासाघीस न करता सांगितलेल्या किमतीला तयार होणारा गिऱ्हाईक मिळतो आणि पैसे पाठवण्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड पाठवतो. तो स्कॅन करून पिन टाकला की पैसे येण्याऐवजी आपल्याच खात्यातून जातात. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना पुन्हा पुन्हा सांगायला हवे.

आता ज्या गोष्टीचा उल्लेख सल्ल्यांच्या लेखांत कधीच नसतो तिच्याविषयी. घरी वाळवण घालणे, उसवलेले शिवणे, स्वस्त भाजीसाठी लांबच्या मंडईत जाणे, डाळी आणून निवडणे यांतून जे पैसे वाचतात ते कोणाच्या तरी वेळातून वाचतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे घालवतात असे आढळले होते. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाती मृत्यूच्या भरपाईच्या एका प्रकरणात गृहिणीच्या कामाचे आर्थिक मूल्य धरले पाहिजे असे स्पष्ट केले, परंतु घरातल्या हिशेबाच्या वहीत ते मूल्य अजून कोणी मांडत नाही. म्हणून ‘हे घरीच करा’ या सल्ल्याकडे मी संशयाने पाहते. वीस रुपयांत रफू होत असेल तर घरी तासभर डोळे ताणण्यापेक्षा ते बाहेर देणे ही घरच्या बाईच्या आणि रफूवाल्याच्या, दोघांच्याही फायद्याची काटकसर आहे, आणि कोपऱ्यावरचा रफूवाला उठून गेला की तो तास पुन्हा त्या बाईच्याच दिवसात येऊन पडतो.

आणखी एक गोष्ट, जराशी कटू असली तरी, लिहितेच. जुने कपडे घरकाम करणाऱ्या बाईंना देऊन दिवाळीचा बोनस दिल्याचे समाधान मानणारी घरे कमी नाहीत. जुनी साडी द्यायची असेल तर आधी विचारून, धुऊन, घडी घालून द्यावी आणि बोनस वेगळा, रोख द्यावा. बोहारणीचा व्यवहार मला यासाठीच अधिक स्वच्छ वाटतो, कारण तिथे कोणी कोणावर उपकार करत नाही. ती नको असलेला सदरा परत करू शकते आणि आपण नको असलेला डबा.

संपादक महोदय, या पत्राच्या निमित्ताने आपल्याकडेही एक मागणी आहे. दुरुस्ती करणारे, पिंजणारे, कल्हई करणारे, जुनी पुस्तके घेणारे यांच्याकडे जाहिरातीचे पैसे नसतात आणि गेल्या काही वर्षांत त्यांपैकी अनेकांनी रस्त्यावरच्या जागाही गमावल्या आहेत. आपल्या शहर पुरवणीत आठवड्यातून एकदा, एकेका पेठेची किंवा उपनगराची, अशा कारागिरांची छोटी यादी त्यांच्या संमतीने विनामूल्य छापावी. वाचकांनी पाठवलेली नावे आपल्या वार्ताहराने एकदा पडताळून पाहिली तरी ते काम होण्यासारखे आहे. तीत जुन्या बाजारांचे वार आणि वेळाही द्याव्यात. शाळांमधल्या पुस्तकांच्या अदलाबदलीच्या तारखा मात्र एप्रिल संपण्यापूर्वी आल्या तरच उपयोग आहे, कारण मे महिन्यात बरीच कुटुंबे गावी जातात आणि जूनमध्ये शाळेतूनच संच घेण्याची घाई सुरू होते.

कळावे,

आपली नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे